मोडशी ते 'मोर-द-शियँ' : एका रोगनामाचे लेखन आणि अर्थ

यूल आणि बर्नेल यांनी संपादिलेला आंग्ल-भारतीय शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या काहीशा गमतीदार नावाने तो अभ्यासकांना परिचित आहे. ह्या कोशात 'मोर-द-शियँ' अशी एक नोंद आहे. शब्द वरवर पाहता शुद्ध फ्रेंच. अर्थ 'कुत्र्याचे मरण'. परंतु कोशकारांनी दिलेला अर्थ मात्र वेगळा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानात वावरणारे युरोपीय लोक ज्याला ह्या नावाने ओळखत, तो रोग म्हणजे पटकी. नोंदीच्या आरंभीच कोशकारांनी असेही सांगून टाकले आहे की, हा फ्रेंच वेष बनावट होय. त्याच्या पाठीमागे पोर्तुगीज 'मोर्देशीं' आहे, आणि त्याच्याही पाठीमागे कोकणी व मराठी भाषांतील 'मोडशी'.

मराठी वाचक येथे थबकल्यावाचून राहत नाही. मोडशी हा शब्द त्याच्या घरातला आहे. जड अन्न बाधले, तोंडाची चव गेली, मळमळू लागले, अंग कसकसू लागले, की घरातील वडीलधारी बाई 'मोडशी झाली' असे निदान करते आणि आल्याचा रस, लिंबू व पादेलोण यांची योजना करते. दोन दिवसांत माणूस हिंडूफिरू लागतो. अशा किरकोळ दुखण्याचे नाव चोवीस तासांत प्राण घेणाऱ्या साथीला कसे काय लागले? की प्रवास उलट दिशेने झाला, आणि एका भयंकर रोगाचे नाव उतरत उतरत अजीर्णावर येऊन ठेपले? प्रश्न केवळ व्युत्पत्तीच्या कुतूहलाचा नाही. इ. स. १८१७ पूर्वी ह्या देशात पटकीची साथ होती की नव्हती, हा वैद्यकेतिहासातील मोठा वाद ज्या थोड्या साधनांवर उभा आहे, त्यांपैकी पश्चिम किनाऱ्यावरची बरीचशी साधने ह्या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहेत.

प्रथम साधनांचा विचार करू. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोर्रेया याने 'लेंदस द इंदिया' ह्या ग्रंथात १५४३ साली गोव्यात उद्भवलेल्या एका मारक रोगाचे वर्णन केले आहे. एतद्देशीय लोक त्या रोगाला काय म्हणतात हेही त्याने नोंदविले आहे; आणि ते नाव मोडशीच होय, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. कोर्रेयाच्या मते तान्ह्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत, धडधाकट व आजारी, लठ्ठ व कृश असा कोणताही भेद त्या रोगाने पाळला नाही. विष भिनल्यासारखी ओकारी, न शमणारी तहान, पोटऱ्यांत व तळपायांत येणारे वांब, निस्तेज झालेले डोळे, काळी पडून सुरकुतलेली हातापायांची नखे, आणि एका दिवसात, फार तर एका अहोरात्रात मृत्यू, अशी लक्षणे त्याने दिली आहेत. शंभरांत दहाही वाचत नसत, आणि जे वाचत ते पोर्तुगीज वैद्यांच्या नव्हे तर एतद्देशीयांच्या साध्यासुध्या औषधांनी, असे तो मोकळेपणाने सांगतो. मृतांसाठी चर्चमधील घंटा दिवसभर वाजत राहिल्याने लोक घाबरून जाऊ लागले. तेव्हा गव्हर्नराने घंटा वाजविण्यास मनाई केली. इस्पितळात मृत्यू पावलेल्या एका रोग्याचे शव गव्हर्नराच्या आज्ञेने फाडून पाहण्यात आले. परंतु जठर कोंबडीच्या पेटासारखे आकसलेले व करपलेल्या चामड्यासारखे सुरकुतलेले होते, यापलीकडे काही आढळले नाही. त्या वेळी गव्हर्नरपदी मार्तिन अफोंसो द सोझा हा होता. हिंदुस्थानात शवविच्छेदन झाल्याच्या सर्वांत जुन्या लिखित उल्लेखांत ह्या प्रसंगाची गणना करावी लागेल.

कोर्रेयाची साक्ष डोळे मिटून स्वीकारणे योग्य नाही. पाळीव जनावरे व कोंबड्या यांनाही हा रोग झाला असे तो म्हणतो. पटकी हा माणसाचा रोग आहे, तेव्हा एक तर त्या पावसाळ्यात दोन निरनिराळ्या साथी एकदम चालू असाव्यात, अथवा बखरकाराच्या लेखणीला अतिशयोक्तीचा मोह आवरला नसावा. दुसरा अंदाज अधिक सयुक्तिक वाटतो. १५०४ साली सामुरीच्या सैन्यात पोटात कळ येऊन आठ तासांत माणसे मरत होती, असेही त्याने लिहिले आहे. पण तो स्वतः हिंदुस्थानात आला १५१२ साली, म्हणजे ही माहिती ऐकीव. तेथे त्याने रोगाला नावही दिलेले नाही. १५४३ च्या हकीगतीचे तसे नाही. नखांचा रंग, पोटऱ्यांतील वांब, आकसलेले जठर हे तपशील कोणी कल्पनेने रचीत नाही.

याच ठिकाणी भाषेच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोर्रेया ही साथ 'हिवाळ्यात' आली असे म्हणतो. पण हिंदुस्थानातील पोर्तुगीजांच्या बोलीत ह्या शब्दाचा अर्थ थंडीचे दिवस असा नसून पावसाळा असा आहे. समुद्र खवळल्याने बंदरे बंद राहण्याचा तो काळ. ज्यांनी हा शब्द युरोपच्या पंचांगाप्रमाणे वाचला, त्यांनी साथ डिसेंबर-जानेवारीत नेऊन ठेवली. एका रोगाचा ऋतू असा एका शब्दाने बदलू शकतो.

दुसरा साक्षीदार अधिक भारदस्त आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि १५६८ मध्ये तेथेच वारला. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याचा संवादरूप औषधिग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. कोष्ठ ह्या औषधीवरील संवाद चालू असता मध्येच एक नोकर येतो आणि आपल्या धन्याच्या भावाला पाहण्यास वैद्यराजांनी तत्काळ चलावे अशी विनंती करतो. रोग काय असे विचारताच तो मोडशीचे नाव घेतो व दुखणे सुरू होऊन दोन तास झाले असे सांगतो. भेटीची वेळ नसताही ओर्ता लगबगीने निघतो. नुसत्या अजीर्णासाठी कोणी एवढी धावपळ करीत नाही. ओर्ताने पुढे रोगाच्या नावांची तुलनाच दिली आहे. युरोपीय वैद्यकात ज्याला 'कोलेरिका पासिओ' म्हणतात तोच हा विकार. हिंदी लोक त्याला 'मोर्शी' म्हणतात, त्याचा अपभ्रंश करून पोर्तुगीज लोक 'मोर्देशी' म्हणतात. अरबांचे नाव वेगळे, ज्याचे रूप आज हिंदी-उर्दूतील 'हैजा' ह्या शब्दात दिसते. जून-जुलैत रोगाचा जोर अधिक असतो आणि तो अतिआहार करणाऱ्यांना विशेष गाठतो, असे त्याचे निरीक्षण आहे. एतद्देशीय उपचार त्याने पाहिले होते : मिरी व जिरे घातलेली तांदळाची कांजी पाजणे, पायांना डाग देणे, आणि डोळ्यांत पिंपळी घालणे. शेवटचा उपचार रोग्याचे हाल वाढविण्यापलीकडे काही करीत नसला पाहिजे. मात्र कांजीकडे आजचा वैद्य वेगळ्या दृष्टीने पाहील, कारण तांदूळ व क्षार यांचे पाणी पाजून शरीरातील शोष भरून काढणे हा पटकीवरील मान्य उपचार विसाव्या शतकात ठरला.

ओर्ताने दिलेली दोन रूपे लेखनाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहेत, कारण एकाच वाक्यात त्याने देशी रूप आणि पोर्तुगीज अपभ्रंश यांत भेद केला आहे. मोडशीतील 'ड' हा दोन स्वरांच्या मध्ये अथवा अशा संधीत उच्चारताना जीभ मूर्ध्याला ओझरता स्पर्श करून खाली येते. ज्यांच्या भाषेत मूर्धन्य वर्णच नाहीत त्यांच्या कानाला हा वर्ण 'र' सारखा ऐकू येतो. मलयाळम 'अडक्क' म्हणजे सुपारी. त्याचे पोर्तुगीजांनी 'अरेका' केले, आणि तेच पुढे वनस्पतिशास्त्रात गेले. 'श' साठी पोर्तुगीज लेखनात एक्स हे अक्षर वापरतात. म्हणून एम-ओ-आर-एक्स-आय असे लिहिलेले ओर्ताचे रूप पोर्तुगीज माणसाने मोठ्याने वाचले असता जे ऐकू येईल ते 'मोर्शी'. म्हणजे परभाषेच्या लिपीत बसेल तेवढे 'मोडशी' त्याने बसविले आहे. कोर्रेयाच्या लेखनात मात्र र आणि श यांच्यामध्ये एक स्वर आढळतो. त्यावरून 'मोड' ह्या अंगातील अंत्य अकार त्या काळी निदान काही तोंडी स्पष्ट उच्चारला जात असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. हॉब्सन-जॉब्सनने मोडशीच्या जोडीला 'मोडवशी' हे रूप दिले आहे, तेही ह्या तर्काला पूरक होय.

अपभ्रंशातील 'र्द' हे जोडाक्षर दोन प्रकारे स्पष्ट करता येते. मूर्धन्य 'ड' ऐकताना काहींना 'र' ऐकू येई, काहींना 'द'. लिहिणाऱ्याने दोन्ही ठेवले. शिवाय 'मोर्दे' हे पोर्तुगीज भाषेत 'चावतो' ह्या अर्थाचे क्रियापद आहे. पोटात कातरल्यासारख्या वेदना करणाऱ्या रोगाच्या नावात हे ओळखीचे क्रियापद ऐकू येणे स्वाभाविक होते. पहिले स्पष्टीकरण मुख्य मानावे, दुसरे पूरक; लोकव्युत्पत्ती शब्द घडवीत नाही, घडलेल्या शब्दाला ती एका बाजूला ढकलते.

पुढची पायरी म्हणजे शेवटी आलेला अनुनासिक. मोर्देशी ह्याचे 'मोर्देशीं' झाले. हा काही अपवाद नव्हे. हिंदुस्थानातून व पूर्वेकडून उचललेल्या ईकारान्त शब्दांना पोर्तुगीज तोंडात सरसकट अनुनासिक चिकटतो : पालखीचे 'पालांकीं', लष्करीचे 'लास्कारीं', मंत्री ह्या शब्दापासून निघालेले 'मांदारीं', कोच्चीचे 'कोचीं'. ह्यांपैकी पालखी आणि मंत्री यांची पोर्तुगीज रूपे इंग्रजीत जाऊन जगभर पसरली. मोडशीही त्याच वाटेने निघाली. डच प्रवासी लिन्स्खोटेन १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या चाकरीत होता. १५९६ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात हे नाव नकारान्त रूपात येते, आणि माणसाच्या पोटातील सर्व काही, पुष्कळदा प्राणासकट, बाहेर काढणारा रोग असे त्याचे वर्णन आहे. १६७२ ते १६८१ ह्या काळात प्रवास केलेल्या फ्रायरकडे 'मोर्डिशीन' आहे. ह्या रोगात निर्दयपणे डाग देतात, अशी त्याची टीका आहे. १६८९ साली सुरतेच्या प्रवासास निघालेल्या ओव्हिंग्टनकडे ते 'मोर्डेचीन' च्या जवळ जाते. इंग्रजांनी जसे ऐकले तसे लिहिले, एवढेच ह्या रूपांचे महत्त्व.

फ्रेंचांनी मात्र शब्दाला वेगळेच वळण दिले, आणि त्यात त्यांच्या लेखनपद्धतीचा वाटा मोठा आहे. फ्रेंच वाचक एक्स हे अक्षर 'श' असे वाचीत नाही. म्हणून फ्रेंच लेखकांनी त्या जागी सी-एच ही जोडी घातली, जिचा फ्रेंच उच्चार 'श' होतो. इथवर उच्चार शाबूत राहिला. परंतु शेवटची आय-एन ही जोडी फ्रेंच भाषेत 'ईन' अथवा 'ईं' अशी वाचली जात नाही. ती 'अँ' च्या जवळ जाते. अर्थात कागदावर पोर्तुगीज शब्दाशी इमान राखूनही फ्रेंच तोंडात तो 'मोर्दशँ' झाला. आता 'मोर' म्हणजे मरण (लेखनातील अंत्य टकार मूक), 'द' हा षष्ठीचा प्रत्यय, आणि 'शियँ' म्हणजे कुत्रा. 'मोर्दशँ' आणि 'मोर-द-शियँ' यांत फरक तो काय, तर एका अर्धस्वर यकाराचा. तडफडत मरणारा रोगी ज्यांनी पाहिला असेल त्यांना कुत्र्याच्या मरणाची उपमा सुचली नसती तरच नवल. हे स्थित्यंतर आपल्या डोळ्यांदेखत घडल्याचे सांगणारा पुरावाही उपलब्ध आहे. १७०२ सालच्या एका जेझुइट पत्रात म्हटले आहे की, हिंदुस्थानात मोर्दशँ नावाचे जे भारी अजीर्ण होते, त्याला आमच्यापैकी काही फ्रेंच लोक मोर-द-शियँ म्हणू लागले आहेत. लोकव्युत्पत्तीची अशी दिनांकित नोंद शब्देतिहासात क्वचितच मिळते. सोनेरा ह्या प्रवाशाच्या १७८२ च्या ग्रंथात जुने रूप गेलेले असून केवळ कुत्र्याचे मरण उरले आहे.

फ्रेंचांकडून ते इंग्रज शल्यवैद्यांनी घेतले. चार्ल्स कर्टिस हा १७८२-८३ मध्ये मद्रासच्या नाविक इस्पितळात काम करीत होता. १८०७ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात हा रोग ह्याच नावाने येतो. म्हणजे गोव्यातील घराघरांत बोलला जाणारा शब्द पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज असे तीन हात बदलून पूर्व किनाऱ्यावर पोहोचला, तेव्हा त्याची ओळख सांगणारी एकही खूण त्याच्या अंगावर राहिली नव्हती. पुढे मोडशीची हकीगत नीट सांगूनही यूल आणि बर्नेल यांना ती ह्या भ्रष्ट फ्रेंच रूपाखालीच नोंदवावी लागली. कोशात शब्द सापडायचा तर तो ज्या रूपात वाचनात येतो त्या रूपाखालीच ठेवला पाहिजे, हे खरे. तरीही मराठी अभ्यासकाला ही मांडणी थोडी बोचते.

लेखनाचा प्रश्न असा सुटतो. अर्थाचा इतक्या सहज सुटत नाही. कारण वर आलेल्या जेझुइट पत्रातच हा रोग 'अजीर्ण' म्हटला आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आलेला देलाँ हा फ्रेंच वैद्यही मोर्देशी म्हणजे अजीर्णच असे सांगतो, आणि टाचेला तापलेल्या लोखंडाचा डाग द्यावा असा उपाय लिहितो. हे लेखक आणि कोर्रेया-ओर्ता एकाच रोगाविषयी बोलत आहेत काय?

ह्या कोड्याची किल्ली थेव्हेनो ह्या फ्रेंच प्रवाशाच्या लेखनात आहे. तो १६६६-६७ च्या सुमारास हिंदुस्थानात होता. पोर्तुगीज लोक मोर्दशँ हे नाव एका रोगाला नव्हे, तर पोटाच्या चार प्रकारच्या विकारांना देतात, असे तो सांगतो. नुसती तीव्र कळ हा एक. कळ व रेच हा दुसरा. कळ व वांती हा तिसरा. आणि तिन्ही एकदम आली की चौथा. हा चौथा प्रकार म्हणजेच युरोपीय वैद्यांचा 'कॉलरा मॉर्बस' असावा, असे त्याला वाटते. म्हणजे मोडशी हे एका रोगाचे नाव नव्हते, रोगांच्या जातीचे होते. अन्न न पचता पोट 'मोडते', शरीर 'मोडून' येते, ही मूळ कल्पना. तिच्या एका टोकाला साधे अपचन आणि दुसऱ्या टोकाला चोवीस तासांत येणारा मृत्यू. मराठीत 'अंग मोडून येणे' हा प्रयोग आजही चालू आहे, आणि 'मोडणे' ह्या धातूत खचणे, गळून पडणे ही छटा स्पष्ट आहे. व्युत्पत्ती सांगताना यूलनेही ह्याच छटेवर भर दिला, तो योग्यच होय.

अशी जातिवाचक कल्पना एतद्देशीय वैद्यकाला परकी नव्हती. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात अजीर्णापासून उद्भवणारे विसूचिका, अलसक आणि विलंबिका असे तीन विकार एकत्र सांगितले आहेत. विसूचिकेत वांती व अतिसार दोन्ही असतात. अलसकात दोष कोंडून राहतो, वर-खाली जात नाही. येथेही सौम्य आणि मारक यांच्यामधली सीमारेषा रोगाच्या नावाने नव्हे, तर लक्षणांच्या तीव्रतेने आखली जाते. मारक चिन्हे वेगळी सांगितलेली असतात. गोव्यातील वैद्याने मोडशी म्हटले तेव्हा त्याच्या मनात हीच चौकट असणार. अतिआहार हे कारण ओर्ताला कोठून मिळाले असावे, हेही यावरून उमगते.

विसूचिकेचा उल्लेख आला म्हणून तिच्या लेखनाविषयी थोडे विषयांतर अप्रस्तुत होणार नाही, कारण मराठी ग्रंथांत विषूचिका आणि विसूचिका अशी दोन्ही रूपे सर्रास आढळतात आणि विद्यार्थी गोंधळतात. सुश्रुताच्या परंपरेत सकार आहे, आणि त्याची उपपत्ती 'सूची' म्हणजे सुई ह्या शब्दावरून लावली आहे : वायू अंगाला सुया टोचल्यासारखी पीडा देतो म्हणून विसूचिका. परंतु वाजसनेयी संहितेत 'विषूचिका' असे षकारयुक्त रूप येते, आणि ते 'विषु' म्हणजे दोन्ही वा नाना दिशांना, आणि 'अञ्च्' म्हणजे जाणे, यांपासून सरळ साधता येते. वर आणि खाली, दोन्ही वाटांनी दोष बाहेर जाणारा रोग. हे नाव लक्षणाला चपखल बसते. षकारयुक्त रूप प्राचीन आणि सुईची व्युत्पत्ती नंतर जोडलेली, असे मानणे अधिक सयुक्तिक. म्हणजे फ्रेंच खलाशांनी मोडशीच्या बाबतीत जे केले, तेच आपल्या शास्त्रकारांनी कित्येक शतके आधी विषूचिकेच्या बाबतीत केले होते. फरक इतकाच की, शास्त्रकारांच्या लोकव्युत्पत्तीला सूत्राची प्रतिष्ठा लाभली.

आता 'कॉलरा' ह्या शब्दाकडे पाहिले म्हणजे चित्र पूर्ण होते. तोही मूळचा जातिवाचक. ग्रीक वैद्यकात पित्तप्रकोपाने होणाऱ्या वांती-रेचांना तो लावीत. सिडनहॅमने १६६९ सालच्या लंडनमधील विकाराचे वर्णन करताना तोच वापरला. तेथे अभिप्रेत असलेला विकार उन्हाळ्याच्या अखेरीस येणारा देशी रोग होय. इंग्रज वैद्यकात मोर-द-शियँला कॉलरा मॉर्बसची परम तीव्र अवस्था म्हटले गेले ते ह्याच जुन्या अर्थाने. म्हणजे दोन्ही बाजूंनी शब्द सैल होते. सैल शब्दाचे भाषांतर सैल शब्दाने केले, तेव्हा कोणाला चूक दिसली नाही.

ती दिसली १८१७ नंतर. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंगालमधील जेसोर येथे साथ पेटली. नोव्हेंबरात बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्या छावणीत तिने कहर केला. १८१८ मध्ये ती दख्खन ओलांडून मुंबईस आली, आणि पुढे समुद्रमार्गे हिंदुस्थानाबाहेर गेली. असा प्रसार पूर्वी कोणी पाहिला नव्हता. त्यामुळे हा रोगच नवा, हेस्टिंग्जच्या कारकीर्दीत जन्मलेला, असा समज रूढ झाला. पूर्वीच्या कागदांत 'साथीचा कॉलरा' हे शब्द नव्हते. जे होते ते मोर-द-शियँ, मोर्देशीं, अजीर्ण. ज्यांनी शब्द शोधले त्यांना रोग सापडला नाही. कोर्रेयाचा ग्रंथ तर त्यांना मिळणेच शक्य नव्हते, कारण तो लिस्बन येथे १८५८ ते १८६६ ह्या काळात प्रथम छापला गेला. ओर्ताची गोष्ट वेगळी. क्लूसियसने केलेला त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ पासून युरोपात फिरत होता. तो पाहणे अशक्य नव्हते.

जॉन मॅकफर्सन ह्या वैद्याने १८७२ साली १८१७ पर्यंतच्या पटकीचा वृत्तान्त ग्रंथरूपाने सिद्ध केला, तेव्हा ह्या जुन्या साक्षी एकत्र आल्या. आणि हॉब्सन-जॉब्सनच्या नोंदीत १८१७ चा सिद्धान्त निराधार ठरविताना कोशकारांनी स्पष्ट म्हटले की, हा भ्रम पसरण्यास रोगाचे हे जुने नावच बहुधा कारणीभूत झाले असावे. हे मत मूलतः ग्राह्य आहे. तरी त्यात एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. मोर्देशीं हा शब्द जेथे जेथे आढळेल तेथे तेथे पटकी असे वाचण्याचा जो मोह पुढील काही लेखकांना झाला, तोही तितकाच घातक आहे. थेव्हेनोच्या चार प्रकारांपैकी तीन पटकी नव्हेत. शब्द एकटा पुरावा होऊ शकत नाही. त्याच्याबरोबर येणारी लक्षणे, मृत्यूचे प्रमाण, कालावधी आणि ऋतू यांची जोड हवी. ह्या कसोटीने १५४३ ची साथ पटकी मानण्यास सबळ आधार आहे. देलाँचे अजीर्ण मानण्यास नाही. १८१७ साली रोग नवा नव्हता. नवा होता तो त्याचा पल्ला.

मराठीत ह्यानंतर काय घडले, हे अर्थपरिवर्तनाचे नमुनेदार उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात वारंवार आलेल्या साथींनी पटकी, महामारी, जरीमरी, वाखा ही नावे सर्वतोमुखी केली. छापील कागदांतून विषूचिका आणि कॉलरा आले. प्राणघातक टोकाला अशी स्वतंत्र नावे मिळताच मोडशीचे क्षेत्र आकसले आणि तिच्याकडे उरले ते सौम्य टोक. भीती त्या नावातून निघून गेली. याचा एक लहानसा पुरावा शिव्याशापांत सापडतो : रागाच्या भरात माणूस दुसऱ्याला पटकी येवो म्हणतो, वाखा येवो म्हणतो, मोडशी होवो असा शाप दिला तर ऐकणाऱ्याला हसू येईल. तेव्हा आरंभी उपस्थित केलेल्या दोन्ही पर्यायांत अर्धे-अर्धे तथ्य आहे. अजीर्णाचे नाव साथीला लागले नाही, आणि साथीचे नाव अजीर्णावर उतरलेही नाही. दोन्ही अर्थ आरंभापासून एका शब्दात नांदत होते, त्यांतला एक दुसऱ्या शब्दांनी उचलून नेला.

जुने मराठी व कोकणी कागद संपादणाऱ्यांना ह्याचा उपयोग थेट आहे. अमुक गृहस्थ 'मोडशी होऊन समाप्त झाले' असे वाक्य एखाद्या जुन्या पत्रात आले, तर संपादकाने तळटीपेत 'अजीर्ण' एवढेच लिहून पुढे जाऊ नये. त्याच आठवड्यात त्या गावी आणखी किती माणसे दगावली, दुखणे किती प्रहर चालले, महिना आषाढ-श्रावण होता काय, हे प्रथम पाहावे. उलट कोणी मोडशीने चार दिवस दरबारास आले नाहीत असे आढळले, तर त्यावरून साथीचा नकाशा काढू नये. ऐतिहासिक तत्त्वावर रचल्या जाणाऱ्या कोशात ह्या शब्दाखाली दोन अर्थ, दोन्हींचे काळ, आणि ओर्ताच्या ग्रंथाचे १५६३ हे साल नोंदविले पाहिजे. छापील अक्षरांत मोडशीने केलेला प्रवेश त्या वर्षापासून मोजता येतो, आणि तोही गोव्यातच छापलेल्या पुस्तकातून, एका घाबऱ्या नोकराच्या तोंडून.